काकड्याच्या कॅसेटा आणि नवा रायटर

संगणकाचं नवं कॅबिनेट बघायला हल्ली दुकानात गेलं की बाजूला काच असते, आत रंगीत पंखे फिरत असतात आणि सव्वापाच इंची खण कुठेच नसतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी प्रत्येक कॅबिनेटला समोरून असे दोन-चार खण असायचे, त्यांवर प्लॅस्टिकची झाकणं लावलेली. पैसे साठले की त्यातलं एक झाकण निघायचं. आधी नुसती सीडी वाचणारी ड्राइव्ह यायची, मग सीडी रायटर, मग सीडी लिहिणारा आणि डीव्हीडी नुसती वाचणारा कॉम्बो, मग डीव्हीडी रायटर. मध्यमवर्गीय घरातला संगणक असाच टप्प्याटप्प्याने वाढला. एकरकमी नवा संगणक घेणं परवडायचं नाही, पण एक भाग बदलणं जमायचं, आणि तो बसवला त्या दिवशी घरात काहीतरी नवीन आल्याचा आनंद असायचा.

माझ्या घरी अजून तीच पत्र्याची पेटी आहे. आतला बोर्ड, प्रोसेसर, रॅम सगळं मधल्या काळात बदललं. पेटी ठेवली ती त्या खणासाठी. यंदा दिवाळीच्या आधी त्यात मी कोरा डीव्हीडी रायटर बसवला. ज्याला सांगितलं त्याने विचारलं, आता सीडी कोण मारतं? पेन ड्राइव्ह आहेत, क्लाऊड आहे, फोनमध्येच ढीगभर जागा असते. प्रश्न रास्त आहे. पण माझ्याकडे जे आहे ते नुसतं कुठेतरी साठवून चालणार नाही, ते टिकवायचं आहे. ही दोन कामं वेगळी आहेत असं माझं ठाम मत झालंय.

जे टिकवायचं आहे ते म्हणजे अण्णांच्या कॅसेटा. आमचं गाव कोरेगाव तालुक्यात. कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत विठ्ठलाच्या देवळात रोज पहाटे काकडा व्हायचा, अजूनही होतो. अण्णा भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. चुलते मुंबईत गिरणीत होते. त्यांनी एका दिवाळीला टू-इन-वन आणला आणि तो मंडळाने देवळातल्या खांबाच्या बैठकीवर ठेवून काकडा भरून घेतला. भूपाळ्या, वासुदेव, आंधळे, पांगळे, जोगी, गौळणी, शेवटी आरती. पुढची काही वर्षं हे चालू राहिलं. कॅसेटांवर अण्णांच्या अक्षरात साल आणि तिथी आहे. ध्वनिमुद्रण म्हणून ते साधंच आहे. माइक यंत्रातलाच, त्यामुळे जवळचा टाळ मोठा आणि लांबचा माणूस बारीक. मध्ये कुणीतरी खोकतं, समईत तेल घालायला सांगतं, आणि एका कॅसेटमध्ये गौळण चालू असताना पहिली एसटी फाट्यावर थांबून हॉर्न देते. त्यातले बरेचसे आवाज आता हयात नाहीत. अण्णाही नाहीत.

या कॅसेटा संगणकात घ्यायचं काम मी टेप डेकची लाइन-आउट संगणकाच्या लाइन-इनला जोडून ‘ऑडॅसिटी’ या ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्राममध्ये केलं. त्यातली एक गोष्ट इथे सांगतोच, कारण ती केल्याशिवाय पुढचं सगळं व्यर्थ आहे. डेकच्या हेडच्या, म्हणजे पट्टी वाचणाऱ्या भागाच्या, बाजूला एक बारीक स्क्रू असतो. त्याने हेडचा कल बदलतो. ज्या टू-इन-वनवर भरलं त्याच्या हेडचा कल आणि आपल्या डेकचा कल जुळला नाही की उंच पट्टीचे आवाज दबतात आणि पांघरुणाआडून गातायत असं वाटतं. कॅसेट चालू ठेवून छोट्या पेचकसाने तो स्क्रू केसभर इकडे-तिकडे फिरवायचा. काकड्याच्या कॅसेटला हे जुळवणं सोपं जातं, कारण टाळ आहे. टाळ खणखणीत वाजू लागला की थांबायचं. त्या क्षणी अण्णांच्या डाव्या हाताची घुमणारी धूम आणि उजव्या हाताखालच्या शाईचा, म्हणजे काळ्या लेपाचा, नाद वेगवेगळा कळायला लागला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, “अरे, हे तर देवळात बसल्यासारखं झालं.”

आता हिशोब. आवाज सीडीच्या दर्जाने ठेवायचा तर सेकंदाला 44,100 नमुने, प्रत्येक 16 बिटचा, आणि दोन चॅनेल. मिनिटाला साधारण 10 एमबी होतात. नव्वद मिनिटांची कॅसेट म्हणजे साडेनऊशे एमबीच्या आसपास. सीडी 700 एमबीची, ऑडिओ सीडी म्हणून वापरली तर 80 मिनिटांची. म्हणजे नव्वदची कॅसेट एका सीडीत मावत नाही आणि काकडा कुठेतरी तोडावा लागतो. काकड्याला क्रम असतो. देव उठल्यावरच पुढचं सगळं. जोगीपर्यंत एका तबकडीवर आणि गौळणी दुसऱ्या तबकडीवर हे मला कधीच पटलं नाही. डीव्हीडी 4.7 जीबीची (विंडोज ती 4.38 दाखवतं, कारण ते 1024 च्या पटीत मोजतं). तीत हाच आवाज जसाच्या तसा, काहीही न दाबता, सात तासांहून जास्त बसतो. चार कॅसेटा अख्ख्या आणि वर तासाभराची जागा. एका वर्षाचा काकडा एका तबकडीवर, हे गणित तिथे जुळलं.

जुना डीव्हीडी रायटर मात्र थकला होता. ट्रे अर्ध्यात अडकायचा; समोरच्या बारीक छिद्रात सरळ केलेली पेपरक्लिप घालून तो बाहेर काढावा लागे. ते रबरी पट्टा सैल पडल्याचं लक्षण, आणि पट्टा बदलता येतो. पण पुढे तो सीडी व्यवस्थित वाचायचा आणि डीव्हीडी घातली की नुसता गरगरायचा. यालाही कारण आहे. सीडीसाठी 780 नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त लेझर लागतो आणि डीव्हीडीसाठी 650 नॅनोमीटरचा लाल. एकाच ड्राइव्हमध्ये दोन्ही असतात आणि दोघांचं आयुष्य स्वतंत्र. त्यातला लाल गेला होता.

म्हणून पुण्यात तपकीर गल्लीत गेलो. दुकानातला मुलगा म्हणाला, “काका, यूएसबीचा पोर्टेबल घेऊन जा ना. आतला आता कोण बसवतं?”

“मला आतलाच पाहिजे. खण आहे.”

“कॅबिनेटला खण आहे?” त्याला नवल वाटलं. मग तो माळ्यावर चढला आणि एक खोकं पुसत खाली आला. “सीलबंद आहे. बघून घ्या.”

पोर्टेबल वाईट असतात असं नाही. लॅपटॉपवाल्याला तोच मार्ग आहे. पण ते बारीक ड्राइव्ह यूएसबीच्या तारेतूनच वीज घेतात, त्यांचा ट्रे हलका, आणि डीव्हीडी लिहिण्याचा वेग बहुधा 8 एक्सपर्यंतच (म्हणजे मूळ वेगाच्या आठपट). सव्वापाच इंची आतल्या ड्राइव्हला पेटीतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून (एसएमपीएस) स्वतःची वीज मिळते, तो पेटीला चार स्क्रूंनी घट्ट धरलेला असतो, आणि तबकडी फिरताना त्याचं वजन उपयोगी पडतं. ज्याला डेस्कटॉप ठेवायचाच आहे त्याने आतला घ्यावा.

बसवणं अर्ध्या तासाचं काम. वीज बंद, तार काढलेली, हात एकदा पत्र्याला लावून घ्यायचा. ड्राइव्ह समोरून आत सरकवायचा, मागून नाही. त्याला बारीक आट्यांचे स्क्रू लागतात. हार्डडिस्कचे जाड आट्यांचे स्क्रू जोर करून घातले तर आटे मोडतात. मग दोन साटा जोडण्या, एक विजेची आणि एक डेटाची, दोन्ही एकाच बाजूने बसतात. एवढंच बघायचं की एम-डॉट-टू एसएसडी (थेट बोर्डवर बसणारी साठवणीची चपटी पट्टी) लावली असेल तर काही बोर्डांवर एखादा साटा पोर्ट बंद होतो. ड्राइव्ह दिसला नाही तर आधी पोर्ट बदलून बघावा. आमच्या पहिल्या सीडी रायटरच्या वेळी चाळीस पिनांची रुंद पट्टी, मास्टर-स्लेव्हचा जंपर असा सगळा खटाटोप होता. आणि सीडी मारत असताना संगणकाला हात लावायचा नाही, माऊसही हलवायचा नाही असा घरात दंडक. संगणकाकडून डेटा येण्यात क्षणाचा खंड पडला तरी लेझर थांबायचा आणि तबकडी वाया जायची. 2000 च्या सुमारास सान्योने त्यावर उपाय आणला, ड्राइव्ह जिथे थांबला तिथूनच पुढे लिहायला लागला, तेव्हा कुठे घरोघरी लोकांनी श्वास सोडला.

अण्णांना हे सगळं बघायला आवडायचं. साठ मिनिटांच्या एका कॅसेटची मी तेव्हा त्यांना ऑडिओ सीडी करून दिली होती. ती काढून त्यांनी उजेडात धरली आणि खालच्या बाजूची दोन रंगांची कडी मला दाखवली. लिहिलेला भाग गडद, कोरा भाग फिका. “इथवर आपला काकडा,” ते म्हणाले. तबकडी मधून बाहेरच्या कडेकडे लिहिली जाते, म्हणून किती भरली ते डोळ्यांना दिसतं. कोऱ्या तबकडीत आधीच एक अतिशय बारीक चर कोरलेला असतो, मधून निघून गोल गोल बाहेर जाणारा. सीडीवरचा तो चर उलगडला तर पाचेक किलोमीटर भरेल, डीव्हीडीवरचा बारा किलोमीटरच्या जवळपास. चराच्या वर सेंद्रिय रंगाचा थर असतो. लेझर त्यावर ठरावीक जागी उष्णता देतो, तिथला रंग बदलतो आणि प्रकाश कमी परततो. परतणाऱ्या प्रकाशातल्या या फरकात अण्णांचा पखवाज आहे, हे आजही मला थक्क करतं.

रंगाचा थर म्हटल्यावर त्याचं बरं-वाईट आलंच. ऊन, उष्णता आणि दमट हवा हे त्याचे शत्रू. गाडीच्या काचेजवळ पडलेली तबकडी काही महिन्यांत जाऊ शकते. सीडीत चमकणारा धातूचा थर वरच्या, म्हणजे नाव लिहायच्या बाजूला, पातळ लाखेच्या अगदी खाली असतो. लोक खालची बाजू जपतात आणि वर बॉलपेनने दाबून लिहितात. खरं नुकसान वरून होतं. डीव्हीडीत तो थर 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती जास्त सुरक्षित. तरी मी मऊ टोकाच्या पेनने, मधल्या पारदर्शक कड्यावर तेवढं साल लिहितो. पुसायची वेळ आली तर मधून बाहेर सरळ पुसायची, गोल नाही. आडवा गेलेला ओरखडा वाचताना भरून काढता येतो, कारण प्रत्येक तबकडीत मूळ डेटासोबत दुरुस्तीची जास्तीची माहिती असते. आयर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोन गणितज्ञांनी 1960 मध्ये मांडलेल्या पद्धतीवर ती चालते, आणि सीडीवर चराच्या दिशेने अडीच मिलिमीटरच्या आसपासचा सलग भाग गेला तरी तो पूर्ववत करता येतो. चराच्या दिशेने लांबच लांब ओरखडा गेला तर मात्र ही मदत तोकडी पडते.

वेगाबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. माझा अनुभव असा की सर्वांत कमी वेग चांगला हे खरं नाही. 16 एक्सच्या तबकडीचा रंग वेगवान लिहिण्यासाठीच बनवलेला असतो. मी 8 एक्स ठेवतो. विंडोज पहिल्यांदा विचारतं, यूएसबी पेन ड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी. इथे दुसरा पर्याय घ्यावा आणि तबकडी पूर्ण बंद करून टाकावी, म्हणजे तिच्यावर पुढे काही लिहिता येत नाही. लिहून झाल्यावर पडताळणी केल्याशिवाय तबकडी काढू नये. शिवाय प्रत्येक फाईलची गणिताने काढलेली अंकाक्षरांची खूण एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहून तीही तबकडीवर घालावी. दहा वर्षांनी ती खूण पुन्हा काढली आणि जुळली तर एक बिटही बदललेला नाही याची खात्री मिळते. कानाने एवढी खात्री कधीच होत नाही.

या सगळ्यात सर्वांत मोलाचं काम संगणकाचं नव्हतंच. ते आईने केलं. मी एकेक कॅसेट लावायचो आणि ती डोळे मिटून ओळखायची. “हे तात्या. तोंडात पान असल्यावर असंच गायचे.” “हे सुतारांचे आबा, ओवी संपवताना आवाज वर नेतात बघ.” “हा बारीक आवाज तुझ्या आत्याच्या मिस्टरांचा. त्या वर्षी दिवाळीला आले होते, म्हणून बसले असतील.” टाळकऱ्यांमध्ये एक जण सतत अर्धी मात्रा मागे असायचा, तोही कोण ते तिला ठाऊक. मी सगळं वेळेसकट टिपून घेतलं, अमुक मिनिटाला अमुक माणूस. तिच्यानंतर हे सांगणारं कुणी उरणार नाही. आवाज राहिला आणि नाव गेलं तर अर्धं गेलं.

ही यादी मी युनिकोड मराठीत, साध्या मजकुराच्या फाईलमध्ये ठेवली. हे मुद्दाम सांगतो. पंचवीस वर्षांपूर्वी शिवाजी किंवा तत्सम फॉन्टमध्ये टाइप केलेल्या कितीतरी घरांच्या वंशावळी, पत्रं, स्मरणिका आज उघडल्या तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता गिचमिडा दिसतो, कारण तो फॉन्ट यंत्रात नाही. तबकडी शाबूत राहून आतलं मराठी वाचता आलं नाही तर तेही गमावल्यातच जमा.

आता मूळ प्रश्नाकडे. हार्डडिस्क बंद पडते तेव्हा मोटर किंवा सर्किट जातं आणि त्याच्यासोबत आतला डेटाही जातो. दोघं एकमेकांना शिवलेले आहेत. पेन ड्राइव्हचं तेच. गावाकडे वीज कडाडली की एका झटक्यात टीव्ही, वायफाय आणि संगणक जातो, त्याला जोडलेलं सगळंच धोक्यात असतं. तबकडी मात्र यंत्रापासून वेगळी आहे. रायटर जळला तरी तबकडी कपाटात तशीच असते, दुसऱ्या कुठल्याही ड्राइव्हमध्ये घालता येते. एकदा बंद केलेल्या तबकडीवर व्हायरस काही बदलू शकत नाही, नातवंडाच्या बोटाने फाईल पुसली जात नाही. म्हणून माझ्याकडे तीन प्रती आहेत: एक हार्डडिस्कवर, एक तबकडीवर माझ्या कपाटात, एक तबकडीवर बहिणीकडे इस्लामपूरला. ऐकण्यासाठी फोनवर एमपीथ्री आहेत, आणि मंडळाच्या पोरांना पेन ड्राइव्ह दिला, तो ते देवळातल्या अँप्लिफायरला लावतात. ऐकायला फोन चांगलाच. ठेवायला तबकडी.

पण तबकडीचा भरवसा ती वाचणारं यंत्र असेपर्यंतच. हीच खरी अडचण आहे आणि म्हणूनच मी हा रायटर आत्ता घेतला. कोऱ्या तबकड्यांचं जग झपाट्याने आवरतंय. जपानच्या ताइयो युदेनच्या तबकड्यांना जाणकार सर्वांत वरचा मान द्यायचे. त्यांनी 2015 च्या अखेरीस हा धंदा सोडला. आपल्याकडे मोझर बेअरचं नाव घराघरात होतं. दीपक पुरींनी 1983 मध्ये सुरू केलेली ही कंपनी जगातल्या मोठ्या तबकडी उत्पादकांपैकी एक झाली होती, एकेकाळी कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातही तिची पाकिटं टांगलेली असत. 2018 मध्ये तिच्या अवसायनाचा, म्हणजे ती कायमची गुंडाळण्याचा, आदेश निघाला. सोनीने 2025 च्या फेब्रुवारीत लिहिता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचं उत्पादन थांबवलं. या बातम्या वाचून हळहळून उपयोग नाही. ज्यांच्या घरी लग्नाच्या, बारशाच्या, गेलेल्या माणसांच्या आवाजाच्या तबकड्या पडून आहेत त्यांनी आत्ताच चालू ड्राइव्ह मिळवून त्या वाचून घ्याव्यात, जे वाचलं जाईल ते दुसरीकडे उतरवावं आणि पुन्हा नव्या तबकडीवर लिहावं. हे काम दर काही वर्षांनी करावंच लागणार आहे. पोथ्यांच्या नकला करणाऱ्यांनी शतकानुशतकं हेच केलं, म्हणून गाथा आपल्यापर्यंत आल्या.

अण्णांना करून दिलेली ती जुनी सीडी नव्या रायटरमध्ये घालून बघितली. सगळी वाचली. तीही उतरवून घेतली.

काकडा आता पूर्ण झालाय. सप्ताहाच्या कॅसेटा बाकी आहेत. त्यांत कीर्तनं आहेत, एकेक दोन-अडीच तासांचं, आणि काही कॅसेटांच्या पट्टीला बुरशी धरलीये, त्या आधी साफ कराव्या लागतील. तपकीर गल्लीतल्या त्या मुलाने माळ्यावर अजून दोन-तीन खोकी असल्याचं सांगितलं होतं. सप्ताह सुरू करण्याआधी त्यातलं एक आणून सीलबंदच ठेवणार आहे.